न घातलेली मागणी : ‘आपका बंटी’मधील दुसऱ्या विवाहाचा विचार

बीजसंज्ञा : घटस्फोट, पुनर्विवाह, मागणी, बालदृष्टी, कथनदृष्टिकोन, मन्नू भंडारी

प्रास्ताविक

मन्नू भंडारी (१९३१-२०२१) यांची ‘आपका बंटी’ ही हिंदी कादंबरी १९७१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तत्पूर्वी मुंबईहून निघणाऱ्या ‘धर्मयुग’ या साप्ताहिकातून ती क्रमशः वाचकांसमोर आली होती. विभक्त झालेल्या आईवडिलांच्या ओढाताणीत सापडलेल्या मुलाची शोकांतिका म्हणून ही कादंबरी अर्धशतकाहून अधिक काळ वाचली, शिकवली आणि अभ्यासली जात आहे. हे वाचन चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. बंटीच्या दुःखाने व्याकूळ झालेला वाचक पुष्कळदा एका सोप्या निष्कर्षावर येऊन थांबतो : मूल पदरी असताना स्त्रीने घटस्फोट घेऊ नये, आणि घेतलाच तर पुन्हा लग्न करू नये. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून आणि बाजारू मार्गदर्शिकांतून हा निष्कर्ष कादंबरीचा ‘संदेश’ म्हणून सर्रास मांडला जातो. स्वतः लेखिकेला हे वाचन मान्य नव्हते. कादंबरीला जोडलेल्या ‘जन्मपत्री : बंटी की’ या निवेदनात, केवळ बंटीविषयी करुणा आणि अश्रू एवढाच परिणाम होत असेल तर हे पत्र योग्य पत्त्यावर पोहोचलेच नाही असे आपण समजू, अशा आशयाचा इशारा त्यांनी दिला आहे.

प्रस्तुत लेखात या कादंबरीतील शकुन आणि डॉ. जोशी यांच्या दुसऱ्या विवाहाचा विचार केला आहे. घटस्फोटानंतर शकुनला पुन्हा प्रेम लाभते ही गोष्ट कादंबरी दोषास्पद मानत नाही. मुलाच्या वाट्याला येणारी आपत्ती प्रेमातून उद्भवत नाही. ज्याला मागणी घालणे आवश्यक होते त्याला ती घातलीच जात नाही, यातून ती उद्भवते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

‘मागणी’ आणि दुसरे लग्न

मराठीत लग्नाचा प्रस्ताव मांडण्याला ‘मागणी घालणे’ म्हणतात. या शब्दप्रयोगातच एक समाजव्यवस्था दडलेली आहे. मागणी मुलीला घातली जात नसे. ती तिच्या घराला, म्हणजे तिच्या वडिलांना किंवा थोरल्या भावाला घातली जाई. होकार वा नकार देण्याचा अधिकार ज्याच्याकडे, त्याच्यापुढे मागणी जाते. आधुनिक प्रेमविवाहाने हा अधिकार वधूकडे आणला आणि मागणी दोन व्यक्तींमधील खासगी गोष्ट बनली. पहिल्या लग्नापुरते हे परिवर्तन पुरेसे ठरले. मूल असलेल्या स्त्रीच्या दुसऱ्या लग्नात मात्र प्रश्न नव्याने उभा राहतो. तिचे आईवडील आता तिचे पालक नसतात, ती स्वतः कर्ती असते. तरीही ती एकटी नसते. तिच्या घरात एक माणूस आधीच राहत असतो, आणि त्याचे वय आठ-नऊ वर्षांचे असू शकते.

आपल्या साहित्यपरंपरेजवळ या परिस्थितीसाठी तयार भाषा नव्हती. विधवेच्या दुसऱ्या विवाहासाठी ती होती. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, आणि बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ त्यानंतर लगेच, १८५७ मध्ये, आले. मराठी कादंबरीचा आरंभच विधवांच्या दुःस्थितीच्या वर्णनाने आणि त्यांच्या पुनर्विवाहाच्या कैवाराने झाला, असे म्हणता येते. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी विवाह केला तेव्हा त्यांना बहिष्कार सोसावा लागला. परंतु त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांजवळ दया, न्याय, शास्त्राधार असे शब्द होते. घटस्फोटितेच्या बाबतीत हे शब्द निरुपयोगी ठरतात. तिचे पहिले लग्न मृत्यूने संपलेले नसते, निर्णयाने संपलेले असते. मृत्यूची कीव करता येते. निर्णयाची येत नाही. त्यामुळे तिचे दुसरे प्रेम हा न्यायाचा प्रश्न न राहता तिच्या ‘हौसे’चा विषय ठरतो.

येथे एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. ‘घटस्फोट आणि दुसरे लग्न ही पाश्चात्त्य शिक्षणाची देणगी’ हा समज उच्चवर्णीय मध्यमवर्गापुरताच खरा आहे. महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड घेण्याची आणि त्यानंतर पाट लावण्याची रूढी कायद्याच्या कितीतरी आधीपासून होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीने मिळणाऱ्या काडीमोडीला धक्का लावलेला नाही. मात्र ‘लग्नाची’ आणि ‘पाटाची’ असा प्रतिष्ठेचा भेद त्या रूढीतही होताच. दुसरेपणाच्या पुरुषासाठी मराठीत ‘बिजवर’ हा शब्द आहे. त्यात थोडी थट्टा असली तरी लांच्छन नाही. स्त्रीसाठी तेवढा निर्मळ शब्द सापडत नाही. ‘आपका बंटी’तील डॉ. जोशी विधुर आहेत, म्हणजे मराठी हिशेबाने बिजवर. शकुन कोण आहे हे सांगायला शब्द शोधावा लागतो, आणि तिची अडचण तिथूनच सुरू होते.

शकुनचे दुसरे प्रेम

शकुन एका महाविद्यालयाची प्राचार्या आहे. पती अजय कलकत्त्यात राहतो, मीरा नावाच्या स्त्रीबरोबर त्याचे नवे आयुष्य सुरू झाले आहे. शकुनजवळ बंटी आहे, घर सांभाळणारी फूफी आहे, बंगल्याभोवतीची बाग आहे. वकील चाचा घटस्फोटाची कागदपत्रे घेऊन येतात आणि वर्षानुवर्षे लोंबकळत पडलेला संबंध सहीने संपतो. कादंबरी या कायदेशीर तपशिलात फारशी शिरत नाही. परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद हिंदू विवाह कायद्यात (कलम १३ ब) १९७६ मध्ये, म्हणजे कादंबरीनंतर पाच वर्षांनी आली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात ती आधीपासून होती. सहीला कादंबरीत जे सहजपण आहे ते कायद्याचे नाही, वकील चाचांच्या स्वभावाचे आहे. ते दोन्ही पक्षांचे हितचिंतक आहेत, आणि हितचिंतकाच्या तोंडून आलेला निर्णय शकुनला नाकारता येत नाही.

शकुनच्या मनाचे चित्रण हे या कादंबरीचे खरे बलस्थान आहे. ती अजयवर प्रेम करीत राहिलेली त्यागमूर्ती नाही. अजयशी तिचे नाते तुटल्यावरही स्पर्धेचे राहिले आहे. तिने नोकरीत जे मिळविले त्याचे मोल ती अजय किती दुखावला जाईल या मापाने मोजते. बंटीवरील मायेतही हा हिशेब मिसळलेला आहे. बंटी आपल्याजवळ आहे, अजयजवळ नाही, हे तिच्या समाधानाचे एक कारण आहे. हे तिला स्वतःलाच अधूनमधून कळते आणि कळल्यावर ती ओशाळते. डॉ. जोशी तिच्या आयुष्यात येतात तेव्हा या हिशेबापासून तिला प्रथमच सुटका मिळण्याची शक्यता निर्माण होते. पूर्ण सुटका होत नाही. अजयने दुसरा संसार मांडला, आता आपणही मांडू, ही ईर्ष्या तिच्या निर्णयात आहेच. परंतु तेवढेच आहे असे म्हणणे शकुनवर अन्याय करणारे ठरेल. पस्तिशी ओलांडलेल्या, मान-अधिकार असलेल्या आणि संध्याकाळी घरी परतल्यावर एकट्या पडणाऱ्या स्त्रीला कोणीतरी आपले वाटणे, तिने नीटनेटकी साडी निवडणे, आरशासमोर थोडे अधिक थांबणे, या गोष्टी भंडारी यांनी कोणताही टोमणा न मारता लिहिल्या आहेत. त्या काळातील कादंबरीत हे सामान्य नव्हते.

मग हे प्रेम वाचकाला अपराधासारखे का वाटते? उत्तर कथनदृष्टिकोनात आहे. कादंबरीचा बराच भाग तृतीयपुरुषी असूनही बंटीच्या जाणिवेतून सांगितलेला आहे. शकुनच्या मनात निवेदन अधूनमधूनच शिरते. परिणामी शकुन आणि डॉक्टर यांच्यातील अनुनय वाचकाला थेट दिसत नाही. दिसते ते मम्मीचे बदललेले वागणे, दारात थांबणारी गाडी, मोठ्यांचे मध्येच थांबलेले बोलणे, फूफीची कुजबुज आणि पुढे डॉक्टरांच्या घरातील बंद दार. दोन प्रौढांनी एकमेकांना घातलेल्या मागणीचा स्वतंत्र, ठळक प्रसंग कादंबरी उभा करीत नाही. प्रेमकथेचा जो कळसबिंदू असावयाचा, तोच येथे कथनाच्या बाहेर घडतो. ज्या खोलीत ती मागणी झाली असेल, त्या खोलीत बंटी नव्हता.

हा केवळ तंत्राचा भाग नाही. बंटी त्या खोलीत नव्हता हेच कादंबरीचे म्हणणे आहे. या विवाहाची तयारी दोन प्रौढ समंजसपणे करतात. डॉक्टर घाई करीत नाहीत; जोत आणि अमी या आपल्या मुलांशी बंटीची ओळख होईल, त्याला नवे घर परके वाटणार नाही, याची काळजी दोघे घेतात. बंटीला फिरायला नेले जाते, त्याची समजूत घातली जाते, रुसवा काढला जातो. बाह्यतः पाहता एखाद्या समुपदेशकाने सांगावे तसे सारे होते. पण ही सारी मनधरणी निर्णय झाल्यानंतरची आहे. मनधरणी आणि मागणी यांत मूलभूत भेद आहे. मनधरणीत होकार गृहीत धरलेला असतो, फक्त तो मिळविण्याचा मार्ग शोधायचा असतो. मागणीत नकाराला जागा असते. बंटीपुढे नकाराला जागा असलेला प्रश्न कधीच ठेवला जात नाही. त्यामुळे त्याच्याजवळ नकार देण्याची एकच पद्धत उरते : हट्ट, आदळआपट, अबोला. मोठी माणसे तिला ‘वाईट वागणे’ म्हणतात.

शकुन असे का करते, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. तिला बंटी कळत नाही असे नाही. उलट तो काय उत्तर देईल हे तिला पक्के ठाऊक आहे, आणि म्हणूनच ती विचारत नाही. विचारले असते आणि तो ‘नाही’ म्हणाला असता तर? नऊ वर्षांच्या मुलाच्या नकारावर एका स्त्रीने उर्वरित आयुष्य ओवाळून टाकावे काय? प्रस्तुत प्रतिपादनावरचा हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. मुलाला नकाराधिकार देणे म्हणजे पूर्वी जो अधिकार बापाकडे होता तो मुलाकडे सोपविणे. स्त्री पुन्हा पराधीनच. परंतु विचारणे आणि अधिकार सोपविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नकार ऐकून घेऊनही लग्न करता येते. तेव्हा त्या नकाराचे ओझे निदान मोठ्यांच्या खांद्यावर राहते. न विचारता केलेल्या लग्नात ते ओझे मुलाच्या खांद्यावर येते, कारण त्याला जे वाटते ते कधी बोललेच गेलेले नसते. बंटी डॉक्टरांच्या घरात जे काही करतो ते या न बोललेल्या नकाराचेच वेगवेगळे आविष्कार आहेत.

या संदर्भात फूफीचे पात्र दुय्यम मानून चालणार नाही. शकुनच्या लग्नाला तिचा उघड विरोध आहे आणि ती घर सोडून हरिद्वारला निघून जाते. तिची नीतिकल्पना जुनी, कठोर आणि शकुनच्या दृष्टीने अन्यायकारक आहे. तरीही संपूर्ण घरात नकार उघडपणे उच्चारणारी आणि त्याची किंमत मोजणारी ती एकटीच. तिला जाण्याचे स्वातंत्र्य आहे, बंटीला नाही. फूफी गेल्यावर बंटीचा नकार बोलून दाखविणारे घरात कोणी उरत नाही, आणि जुन्या बंगल्यातील बागही मागे राहते.

डॉक्टरांच्या मुलांशी बंटीची तुलना केल्यास घटस्फोटोत्तर विवाहाची वेगळी अडचण स्पष्ट होते. जोत आणि अमी यांची आई वारली आहे. त्यांच्या घरात शकुन येते ती रिकाम्या जागेवर. बंटीचे वडील मात्र हयात आहेत. भेटायला येतात, खेळणी पाठवितात, सर्किट हाऊसवर उतरून त्याला बोलावून घेतात. भरलेल्या जागेवर दुसरा माणूस बसविता येत नाही, आणि तो कितीही भला असला तरी बंटीच्या लेखी त्याला नाव नाही. डॉक्टर वाईट असते तर बंटीचे काम सोपे झाले असते. त्यांच्या चांगुलपणानेच तो एकटा पडतो.

कादंबरीच्या मर्यादा

येथे कादंबरीची एक मर्यादाही दाखविणे भाग आहे. डॉ. जोशी हे पात्र पुरेसे घडलेले नाही. ते समजूतदार आहेत, संयमी आहेत, शकुनला सावरतात. परंतु त्यांना स्वतःच्या गतपत्नीविषयी काय वाटते, दुसऱ्याच्या मुलाला रोज समोर पाहताना त्यांच्या मनात काय चालते, हे कळत नाही. जोतच्या मनाची बाजू तर जवळजवळ रिकामीच आहे. आई गमावलेल्या मुलीला नवी आई स्वीकारणे इतके सोपे गेले असेल काय? तिलाही कोणी विचारले नसणार. लेखिकेने बंटीवर जो प्रकाश टाकला त्याची सावली जोतवर पडली आहे.

मर्यादेपेक्षाही गंभीर अशी गोष्ट समीक्षेची आहे. अजयने मीराशी लग्न केले. तेही बंटीला न विचारता केले. त्यांना मूलही झाले. पुढे बंटी कलकत्त्याला जातो तेव्हा त्या घरातही त्याच्यासाठी जागा करावी लागते, आधीपासून असलेली सापडत नाही. अजयचा अनुनय, त्याची मागणी, त्याचा निर्णय, सारे कथनाबाहेर आहे, शकुनपेक्षाही अधिक. तरी ‘अजयने पुन्हा लग्न का केले’ असा प्रश्न या कादंबरीवरील लेखनात क्वचितच भेटतो. शकुनच्या लग्नाची मात्र पानोपानी चिकित्सा होते. बापाचे दुसरे लग्न ही घटना आणि आईचे दुसरे लग्न हा निर्णय, असा हा छुपा भेद आहे. कादंबरीचा प्रकाशझोत शकुनवर असल्याने या भेदाला थोडा हातभार लागतो, हे मान्य केले पाहिजे.

कायद्याची भूमिका याहून फार वेगळी नाही. हिंदू विवाह कायद्याचे कलम २६ मुलांच्या ताब्याविषयी आदेश देताना शक्य तेथे त्यांच्या इच्छेचा विचार करण्यास सांगते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचे कलम १७ मूल पुरेसे जाणते असल्यास त्याची पसंती लक्षात घेण्याची मुभा देते. म्हणजे कोणाजवळ राहायचे हे मुलाला विचारता येते. घरात कोण येणार हे विचारण्याची कल्पना कायद्याला नाही. कलम १५ पुनर्विवाह केव्हा करता येईल ते सांगते, अपिलाची मुदत मोजते. ते काम कायद्याचे नाहीच. पण जे काम कायद्याचे नाही ते कोणाचे, याचे उत्तर शकुनच्या आसपास असलेल्या कोणाही शहाण्या माणसाला सुचत नाही. वकील चाचांनाही नाही. बंटीला आईपासून थोडे दूर करावे, वसतिगृहात ठेवावे, हा तोडगा मात्र मोठ्यांच्या बोलण्यात लवकर येतो.

शीर्षक, चित्रपट आणि शेवट

‘आपका बंटी’ हे शीर्षक पत्राच्या शेवटच्या ओळीसारखे आहे. मराठीत ‘आपला’ लिहून खाली सही करतात, तसे. लेखिकेने निवेदनात पत्राची आणि पत्त्याची प्रतिमा वापरली आहे, ती या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. आदरार्थी सर्वनाम आणि घरगुती लाडके नाव यांची ही जोडी काहीशी विसंगत आहे; एखाद्या लहान मुलाने परक्या मोठ्या माणसाला लिहावे अशी. हे पत्र म्हणजे त्याला न विचारलेल्या प्रश्नाचे त्याने आपणहून पाठविलेले उत्तर आहे, असे वाचता येते.

हे उत्तर चित्रपटात कसे बदलले गेले तो इतिहास बोलका आहे. कादंबरीवर ‘समय की धारा’ हा चित्रपट निघाला, त्यात शबाना आझमी यांनी शकुनची भूमिका केली. आपल्या कृतीचे विकृतीकरण झाले अशी तक्रार घेऊन मन्नू भंडारी न्यायालयात गेल्या. शीर्षक, काही संवाद, पात्रांचे चित्रण आणि शेवट यांना त्यांची हरकत होती. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये दिलेला निर्णय स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५७ वरील, म्हणजे लेखकाच्या विशेषाधिकारावरील, महत्त्वाचा निर्णय मानला जातो. चित्रपटाचे हक्क विकल्यानंतरही लेखकाचा हा अधिकार संपत नाही, असे त्यात मांडले गेले. उभय पक्षांत पुढे तडजोड झाली. विधी महाविद्यालयांतून हा खटला स्वामित्वहक्कासाठी अभ्यासला जातो. साहित्याच्या अभ्यासकांनी तो शेवटासाठी अभ्यासावा.

कारण चित्रपटात बंटी मरतो. मुलाचा मृत्यू दाखविला की दुसऱ्या लग्नाचा निकाल लागतो. आईला शिक्षा होते, प्रेक्षकाला रडता येते आणि प्रश्न मिटतो. भंडारी यांनी नेमका हा निकाल द्यायचे नाकारले होते. त्यांच्या कादंबरीत बंटी जिवंत आहे. तो वडिलांबरोबर आगगाडीत बसलेला आहे, वसतिगृहाकडे निघालेला. दोन घरांतून तो बाहेर पडला आहे आणि तिसऱ्या ठिकाणी जात आहे. तेही त्याने निवडलेले नाही. शकुन तिच्या नव्या घरात आहे, अजय त्याच्या. दोघांचीही दुसरी लग्ने कादंबरीने मोडलेली नाहीत.